अरणीला तेल

सुबोधच्या घरात आग पेटवायची एकवीस साधनं होती, आणि ज्या दिवशी आई गेली त्या दिवशी त्यातलं एकही तिच्या कामाचं नव्हतं.

जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. लोक हॉलच्या काचेच्या कपाटात ट्रॉफ्या आणि लग्नात आलेले काचेचे हंस ठेवतात. सुबोधने आग ठेवली होती. धुळा नावाच्या मेंढपाळाकडून मागून आणलेली चकमक, तिची गारगोटी आणि सावरीच्या कापसाची कातडी चंची. युरोपातल्या झाडावर वाढणारी, वाळवून कुटली की ठिणगी धरून ठेवणारी बुरशी. बर्फाच्या मुलखातलं, दोरीच्या धनुष्याने फिरवायचं लाकूड. बांबूवर बांबू घासायची करवत. आणि त्याचं सगळ्यात लाडकं, पूर्वेकडच्या कुठल्याशा बेटावरून मित्राने आणलेलं म्हशीच्या शिंगाचं नळकांडं. त्यात घट्ट बसणारा दट्ट्या असतो. दट्ट्याच्या टोकाला जळक्या कापसाची चिमूट लावायची, तळहाताने एक सणसणीत ठोका द्यायचा, की आतली हवा दाबून तापते आणि कापूस लाल होतो. ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणाऱ्या माणसाला याहून आवडतं खेळणं कुठलं मिळणार! सुट्टीच्या दिवशी तो शाळाशाळांतून ‘काडेपेटीच्या आधी’ नावाचा कार्यक्रम करायचा. मुलं टाळ्या पिटायची. पहिलं वाक्य ठरलेलं असायचं : आगीचे दोन शत्रू, ओल आणि तेलकटपणा.

हे वाक्य त्याने निदान दोनशे वेळा म्हटलं असेल. म्हणजे अक्कल नव्हती असं कोणी म्हणू नये. अक्कल होती, ती कपाटात ठेवलेली होती.

त्याचे वडील, अण्णा, मोहोळला असत. शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले, आणि अग्निहोत्री. अग्निहोत्र म्हणजे काय असं आज सोलापुरात शंभर जणांना विचारलं तर नव्व्याण्णव जण उदबत्ती-धुपाचं काहीतरी सांगतील. ते तसं नसतं. नवराबायकोने मिळून घरात अग्नी ठेवायचा, तो विझू द्यायचा नाही, आणि सूर्य उगवताना आणि मावळताना त्यात दुधाची आहुती द्यायची. रोज. ताप असो, पाहुणे असोत, मुलाची बारावीची परीक्षा असो. एकट्या नवऱ्याला हे करता येत नाही, शेजारी बायको लागते. अण्णा आणि इंद्रायणीबाईंनी हे एकेचाळीस वर्षं केलं. एकेचाळीस वर्षांत दोघं मिळून कधी गावाला राहायला गेले नाहीत, आणि सुबोधच्या लग्नातही मांडवामागे पत्र्याच्या आडोशाला अग्नी घेऊन बसले होते. लहानपणी सुबोधला या आगीचा राग यायचा. इतर पोरांचे आईबाप त्यांना कुठं कुठं घेऊन जायचे. याचे आईबाप शेण्या निवडत बसायचे.

या आगीला काडी चालत नाही. ती लाकडातून काढावी लागते, मध्येच विझली तर पुन्हा. खाली शमीच्या पोटात उगवलेल्या पिंपळाची फळी, ती अरणी. तिच्यात ठरलेल्या एकाच जागी खळगा. खळग्यात मंथा नावाचा उभा दांडा, आणि वरून तो दाबून धरायला लाकडाची खोबण; या सगळ्या लाकडांना मिळून घरात अरणीच म्हणत. दांड्याला दोरी गुंडाळायची. एकाने वरून छातीचा भार द्यायचा, दुसऱ्याने दोरी ताक घुसळल्यासारखी ओढायची. भार अण्णांचा, दोरी आईची. अर्ध्या तासात काळा भुगा पडायचा, भुग्यातून धूर निघायचा, आणि आई पदराने घाम पुसत म्हणायची, “आली हो.”

मार्चअखेरीस आईच्या छातीत पाणी झालं आणि तिला सोलापूरच्या दवाखान्यात आणावं लागलं. अग्नी घर सोडून न्यायचा तर एक रीत आहे. अरणी त्या आगीवर तापवायच्या, मंत्राने अग्नी लाकडात घ्यायचा आणि चूल विझू द्यायची. मग आग लाकडात राहते, जिथं जाल तिथं त्याच लाकडातून बाहेर काढायची. अण्णांनी तसं केलं. सोवळ्यात गुंडाळलेल्या अरणी घेऊन ते मुलाच्या घरी आले, आणि बायको खाटेवर असल्यामुळे रोजचा होम राहिला म्हणून रोज स्वतःशीच भांडत राहिले. हे शास्त्रात बसतं की नाही, यावर ते सकाळी एक मत द्यायचे आणि संध्याकाळी दुसरं.

पाचव्या दिवशी नळ्यांच्या जंजाळातून आईने सुबोधचा हात धरला. अण्णा चहाला खाली गेले होते.

“अरणी तुझ्याकडे आहेत ना?”

“आहेत.”

“नीट सांभाळ. मला माझ्याच आगीनं अग्नी दे. काडी लावू नकोस.”

“आई, असलं काही बोलू नकोस.”

“दे म्हणून सांगितलं, तेवढं ऐक की.”

तो हो म्हणाला. आणि नीट सांभाळायचं म्हणून घरी येऊन त्याने कपाटावरून गाठोडं काढलं आणि सोडून बघितलं. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन. अरणीच्या कडेला केसासारखी भेग गेलेली.  कपाटातल्या सगळ्या लाकडांना तो वर्षातून एकदा जवसाचं तेल पाजायचा, त्यामुळे ती उन्हाळ्यात तडकत नसत. त्याने कापसाचा बोळा घेतला आणि अरणीला तेल पाजलं. खळग्यात, मंथ्याच्या टोकाला, सगळीकडे. चार दिवसांनी आणखी एक हात दिला. लाकूड कसं पिवळंधमक, नव्यासारखं दिसायला लागलं. त्याची बायको प्रभा स्वयंपाकघरातून बघत होती.

“त्याला तेल चालतं का? त्यातून आग काढायची असते ना?” तिने विचारलं.

“आता कोण काढणार आहे,” सुबोध म्हणाला.

तो बोलून गेला आणि त्याला त्याचं काही वाटलंही नाही. त्याने ती लाकडं मनातल्या मनात कपाटात ठेवून दिली होती, चिठ्ठी चिकटवून, बाविसावी वस्तू म्हणून. आणि खरं सांगायचं तर आईलाही.

बाराव्या दिवशी सकाळी साडेदहाला ती गेली. साडेबाराला घरी आणलं. शेजारचे शिवपुत्र, मंद्रूपचे, मार्केट यार्डात शेंगांचा व्यापार करणारे, कोणी सांगायच्या आत बर्फाच्या दोन लाद्या घेऊन जिन्याने वर आले.

“अजून लागला तर सांगा की, सर. आमच्यात माती देत्यात, त्यामुळं मला ह्यातलं काय कळत न्हाय. पर बरफ मी आणतो.”

अण्णा रडले नव्हते. त्यांनी आंघोळ केली, ओलेत्याने आले आणि म्हणाले, “सुबोध, अरणी काढ.”

अण्णांचे धाकटे भाऊ नंदूकाका, जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले, सगळ्या गोष्टी वेळेत व्हाव्यात असा स्वभाव. ते म्हणाले, “अण्णा, गाडी चारला सांगितलीय. सूर्यास्ताच्या आत उरकायला हवं.”

“अर्ध्या तासाचं काम आहे,” अण्णा म्हणाले.

सुबोधने गाठोडं काढलं. हॉलमध्ये आईच्या पायाशी फरशीवर पाट मांडला. अरणी बाहेर निघाली तशी ती चकाकली. प्रभाने सुबोधकडे बघितलं. सुबोधने फरशीकडे बघितलं.

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. त्यांनी लाकूड हातांनी चाचपलं, खळगा बोटाने शोधला, मंथा उभा केला, खोबण ठेवून त्यावर छाती टेकवली. दोरी त्यांनी सुबोधच्या हातात दिली. ती दोरी आयुष्यात पहिल्यांदा सुबोधच्या हातात आली होती. जगभरच्या आगी काढणाऱ्या या माणसाने घरच्या आगीला कधी हात लावला नव्हता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

त्याने ओढली. मंथा फिरला. अण्णांनी मान किंचित वाकडी केली, कान लाकडाकडे नेला.

“गुळगुळीत लागतंय,” ते म्हणाले.

सुबोधच्या जिभेवर आलं होतं. तेवढंच वाक्य बोलायचं होतं : अण्णा, मी तेल लावलंय. पण हॉलमध्ये पंधरा माणसं बसलेली, समोर आई, आणि अण्णा पुन्हा छाती टेकवून म्हणाले, “ओढ, येईल. कधी कधी वेळ लावते ती.” ते अरणीबद्दल बोलत होते की आईबद्दल, हे कळलं नाही. सुबोधने ओढली.

अर्धा तास झाला, तास झाला. खळग्यातून भुगा पडायच्या ऐवजी काळसर चिकट मेण निघत होतं. धूर नाही. सुबोधला धूर का नाही हे त्या हॉलमध्ये सगळ्यात चांगलं ठाऊक होतं. तेलकट लाकूड घसरतं, तापत नाही, कितीही घासा. हे तो सहावीच्या मुलांना हसत हसत सांगायचा. आता त्याच्या पाठीवरून घामाच्या धारा वाहत होत्या, आणि तो मूर्खासारखा मनात आईलाच विनवत होता, की तू काहीतरी कर.

अडीचच्या सुमाराला प्रभा पाणी द्यायच्या निमित्ताने वाकली आणि कुजबुजली, “तुम्ही सांगणार आहात की नाही?”

“सांगतो.”

“कधी?”

त्याने पेला खाली ठेवला आणि दोरी पुन्हा हातात घेतली. सुरुवातीला सांगितलं असतं तर अण्णा फार तर रागावले असते. आता तासभर त्या म्हाताऱ्या माणसाची छाती लाकडावर रगडून घेतल्यावर कसं सांगायचं? आणि दर दहा मिनिटांनी ते आणखी कठीण होत होतं. खोटं असंच वाढतं, त्याला खतपाणी लागत नाही.

चार वाजून गेल्यावर त्याने एक मार्ग काढून बघितला. “अण्णा, खळगा जुना झालाय. फळी पालटून दुसरीकडे नवा कोरूया का? मागच्या बाजूला लाकूड कोरडं आहे.” कोरडं हा शब्द निसटला आणि त्याने जीभ चावली.

अण्णांनी डोळे मिटलेले होते. “अरणीला डोकं असतं, मान असते, छाती असते. मंथनाची जागा एकच. बाकी कुठं टोचायचं म्हणजे अंगाला टोचायचं. ते मी करणार नाही.”

“वहिनींचा हट्ट होता का हा?” नंदूकाकांनी विचारलं. “पोथीत काही तोडगा असेल की. शिवाय गाडीवाला खाली हॉर्न देतोय.”

“तोडगे आहेत,” अण्णा म्हणाले. “लाकडातून नाही आली तर दुसरीकडून आणावी, तीही नाही मिळाली तर बोकडाच्या कानात आहुती द्यावी, दर्भावर द्यावी, पाण्यात द्यावी. सगळं आहे. ज्याच्याकडे अरणी नाही त्याच्यासाठी आहे. माझी अरणी ही समोर आहे, आग हिच्यात आहे. मी माझ्या हातांनी हिच्यात घेतलीय. दुसरीकडची लावली तर मग हिच्यातल्या आगीचं काय?”

 शिवपुत्रांनी बर्फाची तिसरी लादी आणली. पहिल्या दोन्हींचं पाणी होऊन पायपुसण्यात मुरलं होतं, आणि तरीही ते सरकत सरकत अण्णांच्या पाटापर्यंत आलं होतं. प्रभा फडक्याने पुसून बादलीत पिळत होती. आईच्या पातळाचा काठ ओला झाला होता.

पाच वाजले. अण्णांच्या छातीवर खोबणीचा लाल गोल वळ उठला होता. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. दोनदा सुबोध म्हणाला, थांबूया. दोन्ही वेळा ते ओढ म्हणाले. तिसऱ्यांदा ते स्वतःच थांबले, भिंतीला टेकले आणि म्हणाले, “जरा श्वास घेतो. सूर्य आहे अजून.”

सुबोध उठला. “शेणीचा कोरडा भुगा आणतो,” तो म्हणाला आणि हॉलमधल्या कपाटाशी गेला. लोक आपसांत बोलत होते. कपाट उघडून त्याने शिंगाचं नळकांडं मुठीत लपवलं आणि शेण्या ठेवल्या होत्या त्या आतल्या खोलीत तो गेला. कापसाची चिमूट दोनदा खाली पडली. पहिला ठोका वाया गेला. दुसरा वाया गेला. शाळांमध्ये हे यंत्र कधी चुकत नसे. तिसऱ्या ठोक्याला दट्ट्या ओढून काढला तर कापूस लाल. त्याने तो शेणीच्या भुग्यावर टाकला आणि फुंकला. निखारा धरला.

वळून बघतो तर दारात प्रभा. ठोके तिने ऐकले होते. ती त्याच्याकडे बघत राहिली, आणि त्या नजरेत राग होता की कीव, हे सुबोधने नंतर कित्येकदा स्वतःला विचारलं. मग ती पाठ फिरवून दार अडवून उभी राहिली आणि हॉलमध्ये कोणाला तरी मोठ्याने म्हणाली, “चहा टाकलाय, थांबा जरा.”

निखारा भुग्यासकट उजव्या मुठीत बंद करून तो बाहेर आला. मूठ जळत होती. पाटाशी बसेपर्यंत दहा पावलं होती, आणि त्या दहा पावलांत त्याला एकदाही हात उघडावासा वाटला नाही. जळू दे, असंच वाटलं.

“चला, अण्णा.”

अण्णांनी छाती टेकवली. सुबोधने डाव्या हाताने दोरी ओढली, चार-पाच वेळा जोराने, आणि उजव्या हाताने भुगा सारखा केल्यासारखं करून निखारा खळग्याच्या तोंडाशी सोडला. धूर आला. निळसर, बारीक, सरळ वर जाणारा.

“आली,” नंदूकाका म्हणाले. हॉलभर कुजबुज पसरली. कोणीतरी हात जोडले. बायकांत रडणं सुरू झालं.

अण्णा मात्र लगेच उठले नाहीत. मंथ्यावरचा भार तसाच ठेवून ते क्षणभर तसेच वाकलेले राहिले. मग वर होऊन ते एवढंच म्हणाले, “मडक्यात घे.”

शेणीवर आग वाढवून मडक्यात घेतली. गाडी निघाली तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. स्मशानात सरणावर आईला ठेवलं, आणि अण्णांनी रीतीप्रमाणे होमाची लाकडी भांडी एकेक करून तिच्या अंगावर ठेवली. एक पळी उजव्या हातात, एक डाव्या हातात, लहान भांडी पोटावर. हात चाचपडत, पण जागा न चुकता. सगळी झाली. नंदूकाकांनी अरणीचं गाठोडं पुढे केलं.

“नाही,” अण्णा म्हणाले.

“अहो, अरणी बरोबर जातात. तुमचं अग्निहोत्र संपलं आता. ठेवायच्या कशाला?”

“मला ठाऊक आहे. नाही.” त्यांनी गाठोडं भावाच्या हातातून घेतलं आणि उपरण्याखाली धरलं.

 मडकं सुबोधच्या हातात होतं. त्याला वाटलं, हे आता इथं सगळ्यांसमोर बोलणार. पण अण्णा सुबोधच्या दिशेने बघून म्हणाले, “दे अग्नी. सूर्य चाललाय.” आणि सुबोधने दिला. शिंगाच्या नळकांड्यातली आग त्याने आईला दिली, काडी लावली नाही एवढाच काय तो शब्द पाळला. ज्वाळा उंच गेली तेव्हा लोक म्हणाले, भाग्यवान बाई, स्वतःच्या अग्नीने गेली. एकजण तर सुबोधच्या पाठीवर थोपटून गेला.

तीन दिवस अण्णा भिंतीला टेकून बसून होते. भाकरी पुढे ठेवली तर खात, नाही ठेवली तर मागत नसत. चौथ्या दिवशी, सूर्य मावळायला आला असताना, त्यांनी गॅलरीत पाट टाकला, गाठोडं सोडलं आणि हाक मारली.

“सुबोध, दोरी धर. डाव्या हातात जोर दे, उजवा भाजलाय तुझा.”

भाजलेला हात सुबोधने कोणाला दाखवला नव्हता. अण्णांना तर समोरच्या माणसाचं तोंडही दिसत नव्हतं. तो बसला आणि त्याने दोरी ओढली. अर्धा तास. तेच मेण. तोच घसरता, मुका मंथा. सूर्य गेल्यावर अण्णांनी लाकडं पुसली आणि गाठोडं बांधलं.

पाचव्या दिवशी पुन्हा. सहाव्या दिवशी नंदूकाका आले होते. ते गॅलरीच्या दारात उभे राहून म्हणाले, “अण्णा, बायको गेलेल्याला अग्नीचा अधिकार नाही. हे तुम्हीच मला शिकवलंय. शिवाय सुतक आहे.”

“मला होम करायचा नाही,” अण्णा म्हणाले. “तिची आग अजून लाकडात अडकलीय. ती बाहेर काढायची आणि मग विझवायची. तोवर ती सुटत नाही, मीही सुटत नाही.”

“पण त्या दिवशी आली की आग. आम्ही सगळ्यांनी पाहिली.”

अण्णांनी खोबण पुन्हा नीट बसवली. नंदूकाकांनी सुबोधकडे बघितलं, की हा म्हातारा भ्रमिष्ट झाला का. सुबोधने दोरी ओढली. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं तो पूर्वी कपाटातलं काही बिघडलं की हसून म्हणायचा. आता ते आठवलं आणि त्याला स्वतःची किळस आली.

सातव्या, आठव्या दिवशीही तेच. रात्री त्याला झोप लागत नसे. सगळ्यात वाईट म्हणजे अण्णा त्याला काही विचारत नव्हते. त्यांनी एकदा ओरडावं, थोबाडीत मारावी, म्हणून तो मनातून भीक मागत होता. शिवपुत्र जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “अण्णांस्नी जरा फिरवून आणा की, सर. किती दिवस लाकडं घासत बसत्याल?” सुबोध मान हलवून पुढे गेला.

नवव्या दिवशी ऊन अजून भिंतीवर होतं. अण्णा छाती टेकवून बसले, दोरी त्याच्या हातात दिली, आणि सुबोधने ओढली नाही.

“अण्णा, मी तेल लावलंय याला. जवसाचं. भेग वाढू नये म्हणून. आई दवाखान्यात होती तेव्हा.”

अण्णा वाकलेलेच राहिले. “किती वेळा?”

“दोनदा.”

“खळग्यात?”

“सगळीकडे.”

“हं,” अण्णा म्हणाले. “पहिल्या ओढीलाच कळलं होतं. हे लाकूड फिरताना रडतं. एकेचाळीस वर्षं ऐकलंय. त्या दिवशी रडलं नाही.”

“आणि निखारा?” सुबोधने विचारलं.

“माझी छाती लाकडावर होती, सुबोध. आग येते तेव्हा आधी दांडा तापतो, इथं कळतं.” त्यांनी छातीवरच्या वळाला हात लावला. “दांडा गार होता.”

“मग बोलला का नाहीत?”

“काय बोलणार होतो? तुझ्या आईखालचा बर्फ वितळत होता. तिचं पातळ भिजलं होतं. ते पाणी माझ्या गुडघ्यांपर्यंत आलं होतं. तिला तसं ठेवायचं? की तुला पंधरा माणसांत उघडं पाडायचं?” ते थांबले. धाप लागली होती. “वाट बघत होतो. तू सांगशील म्हणून. नऊ दिवस लावलेस.”

खाली रस्त्यावर कुल्फीवाल्याची घंटा वाजत गेली. स्वयंपाकघरातला प्रभाच्या भांड्यांचा आवाज थांबला होता. सुबोध रडत होता, आणि रडून काही हलकं होत नव्हतं. आईने दोनच गोष्टी सांगितल्या होत्या : अरणी सांभाळ, आणि माझ्याच आगीनं अग्नी दे. दोन्ही त्याने मोडल्या होत्या, आणि त्या आता कशानेही जुळणार नव्हत्या.

“रागावला आहात माझ्यावर?”

“हो,” अण्णा म्हणाले. “फार. हा राग या जन्मात जाईल असं वाटत नाही.”

त्यांनी चाचपडून मंथा पुन्हा खळग्यात उभा केला, खोबण बसवली, वळावर वळ येईल अशी छाती टेकवली.

“तेल घासून घासून जाईल. महिना लागेल, दोन लागतील. पण एकट्याने होत नाही हे, आणि दोरीला आता मला दुसरं कोणी उरलं नाही. ओढ.”

सुबोधने दोरी ओढली.